हातमोज्यांचे पाच जोड

आमच्या पप्पांनी आयुष्यात एक कायमची नोकरी नाकारली, आणि तिचा विषय आमच्या घरात दिवसाआड तरी निघायचाच. आजोबा पालिकेत सफाई कामगार होते. ते वारले तेव्हा त्यांच्या जागेवर वारसाला घ्यायचे. फॉर्म भरायचा, झाडू हातात घ्यायचा, मग निवृत्त होईपर्यंत कोणी हलवणार नाही. पप्पा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे. ऑफिसातल्या साहेबानं फॉर्म पुढे केला, तो पप्पांनी नीट घडी घालून परत दिला आणि घरी येऊन आजीला म्हणाले, "मी वायरिंग शिकतोय." तेव्हापासून डोंबिवलीच्या एमआयडीसीत कंत्राटी वायरमन म्हणून ते या कंपनीतून त्या कंपनीत जात राहिले. आई साड्यांना फॉल लावायची. मशीन चालवता चालवता ती अधूनमधून म्हणायची, "पर्मनंट होती. क्वार्टर मिळाली असती. इथे कोपर गावात खाडीचे डास मारत बसलो नसतो." पप्पा पक्कडीला तेल लावत म्हणायचे, "डास काय क्वार्टर बघून येतात का?" आई मशीनचं चाक जरा जोरात फिरवायची. संपलं.

दोन खोल्या होत्या आमच्या, चाळीच्या कोपऱ्यातल्या. मागच्या खिडकीतून भरतीच्या वेळी खाडीचा वास यायचा, तो आम्हाला येत नसे, पाहुण्यांना यायचा. मशीनची खडखड, शेजारच्या टीव्हीचा आवाज, पौर्णिमेला विहारातून ऐकू येणारी वंदना, आणि पप्पांचं "बटण बंद करा, बिल येतं" हे दिवसातून दहादा. आई येसराची आमटी करायची, भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची, घट्ट, काळपट. तिच्या फोडणीनं शिंका आल्या की जेवण जवळ आलं असं समजायचं. त्या आमटीत भाकरी कुस्करून खाताना पप्पा माझ्या अभ्यासाची चौकशी करायचे. त्यांना विषय कळायचे नाहीत, पण चौकशी रोज व्हायची, आणि उत्तर लांबलचक दिलेलं त्यांना आवडायचं. आमच्या घराण्यातून कॉलेजच्या दारातून आत गेलेली मी पहिली. हे मी तेव्हाही मिरवायचे आणि आजही मिरवते. ज्यांच्याकडे आजोबा-पणजोबांपासून पदव्या आहेत त्यांना गरज नसेल. मला आहे.

शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. आमचं विद्यापीठ ठाण्याला, वर्तकनगरच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. तिथे पर्यावरण विभागानं एक उपक्रम काढलेला: विद्यापीठाच्या आवारात किती पाणी, किती वीज, किती अन्न वाया जातं ते विद्यार्थ्यांनी मोजायचं आणि ते कमी कसं करायचं ते सांगायचं. इंटर्नशिप म्हणतात त्याला, हे मला तिथेच कळलं. आम्हा पाच जणांना वसतिगृहाच्या मेसचा कचरा मिळाला. अहवालाला वर्षाच्या प्रोजेक्टचे सगळे मार्क होते, आणि एमएस्सीला जायचं तर मार्गदर्शकाचं पत्र लागायचं. मला एमएस्सीला जायचंच होतं.

मार्गदर्शक दोन. एक सुलभा मॅडम, डोंबिवली पूर्वेला राहणाऱ्या, सुती साडी, शुद्ध बोलणं, कोणालाही कधी अरे-तुरे नाही. दुसरे जनूदादा, बागेचे मुकादम. हे त्या डोंगराखालच्या गावातले जुने रहिवासी. त्यांच्या वडिलांच्या भाताच्या शेतावर आता बावीस मजल्यांचे टॉवर उभे होते आणि त्यातले दोन फ्लॅट दादांच्या नावावर होते. तरी रोज सकाळी मोटारीतून उतरून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, खताच्या खड्ड्यात उभे राहायचे. कोणी विचारलं की म्हणायचे, "घरी बसून काय करू? बायको टीव्ही लावतं." मॅडम आम्हाला कागदावरचं शिकवणार आणि दादा जमिनीवरचं, अशी ती योजना.

पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "कामं तुम्हीच आपसांत वाटून घ्या. मी लादणार नाही. ज्याला जे आवडेल ते." आणि चहा प्यायला निघून गेल्या. चहा संपायच्या आत वाटप झालं. ओंकारकडे लॅपटॉप होता, तो आकडे भरणार. श्रेयाचं चित्र चांगलं, ती पोस्टर करणार. एक जण पत्रव्यवहार बघणार, एक जण फोटो. मग ओंकार म्हणाला, "आणि वजन?" एक जण मोबाइल काढून बसला. श्रेया नखं बघत होती. मी म्हटलं, "मी करते." मला कोणी ढकललं नाही, कोणी सुचवलंही नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे सगळं यावरच येऊन थांबलं.

मेसच्या मागे पत्र्याची शेड होती. जेवणं झाली की क्रेट तिथे यायचे. त्यातलं साली-देठं वेगळं करायचं, शिजलेलं उष्टं वेगळं, प्लॅस्टिक वेगळं, आणि आडव्या लोखंडी दांडीला टांगलेल्या काट्याला एकेक बादली अडकवायची. पहिल्या आठवड्यात मला मळमळलं. दुसऱ्या आठवड्यात मी सरावले, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं. दुधीच्या दिवशी उष्टं दुप्पट होतं, हे मी शोधून काढलं. मेसचा आचारी माझ्यावर चिडला. "मॅडम, दुधी में क्या खराबी है? डॉक्टर लोग खाते हैं!" मी म्हटलं, "मग डॉक्टरांना वाढा." जनूदादा हसून हसून खोकले. ते मला वासावरून खत ओळखायला शिकवायचे. मूठभर उचलून नाकाशी धरायचे. "ह्यो बग, मातीचा वास आला म्हणजे झाला. भात जास्त परला का खड्डा आंबतंय. मंग सुका पाला टाक, वर-खाली कर. नाकाला इचारायचा, पुस्तकाला नाय." आज माझ्या नावामागे डॉक्टर लागतं, माझ्या हाताखाली प्रयोगशाळा आहे, आणि खताचा नमुना आला की आधी मी तो नाकाशी धरते. विद्यार्थी एकमेकांकडे बघतात.

घरी मात्र मी यातलं काही सांगितलं नव्हतं. पप्पांना म्हटलेलं, "आकडेवारीचं प्रोजेक्ट आहे." ते चार लोकांना सांगून आलेले, मुलगी आकडेवारी करते. संध्याकाळी मी आले की सरळ मोरीत जायचे. आई एकदा म्हणाली, "कसला गं वास?" मी म्हटलं, "लॅबचा." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून मोरीत लिंबाची फोड ठेवायला लागली.

मग फोटो आला. विद्यापीठात कोणी पाहुणे यायचे होते म्हणून एका स्थानिक पेपरवाल्यानं आमचा फोटो काढलेला. आतल्या पानावर, चांगला मोठा. पप्पांना तो कंपनीच्या बाहेर चहाच्या टपरीवर दिसला. म्हणजे कोणीतरी दाखवला: "अरे, ही तुझी पोरगी ना?" ते घरी आले, हातपाय धुतले, हत्यारांच्या पिशवीतून पेपर काढला आणि माझ्यासमोर अंथरला. आवाज चढलेला नव्हता. पप्पांचा आवाज चढत नाही, तो खाली जातो.

"ही कोण?"

"मी."

"ही बाकीची?"

"आमची टीम आहे, पप्पा."

"त्यांचे हात कुठायत?"

मी फोटो तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. मी पुढे वाकलेले, दोन्ही हात कोपरापर्यंत क्रेटमध्ये. मागे चौघं उभे, हसत. ओंकारच्या हातात लॅपटॉप. श्रेयानं पोस्टर धरलेलं. एकाच्या गळ्यात कॅमेरा, एकाचे हात खिशात.

"मी स्वतःहून घेतलं ते काम," मी म्हटलं. "कोणी दिलं नाही."

"हां," पप्पा म्हणाले. "तेच विचारत होतो." पेपराची घडी घातली. "उद्यापासून जायचं नाही."

आईनं मशीन थांबवलेलं. "अहो, मार्क आहेत तिचे त्याच्यावर. वर्ष जाईल."

"जाऊ दे. एक वर्ष जाऊ दे. मी कायमची नोकरी जाऊ दिली." त्या दिवशी पहिल्यांदा आई त्या नोकरीवरून काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गेले, पण काम करायला नाही. माझे हातमोजे परत द्यायचे म्हणून विभागाचं कपाट उघडलं. उपक्रम सुरू होताना खालच्या कप्प्यात हातमोज्यांचे पाच जोड आणून ठेवलेले होते, प्रत्येकाला एक. चार जोड अजून प्लॅस्टिकच्या पाकिटात होते, वरची चिकटपट्टी तशीच. पाचवा माझ्या हातात, अंगठ्याशी फाटलेला. मी तिथेच खुर्चीवर बसले. मला पप्पांचा राग आलेला होता, तो कुठे गेला कळलं नाही. रडू आलं नाही. फक्त आदल्या तीन महिन्यांतला एकेक दिवस आठवून बघत होते, की कोणी एकदा तरी म्हणालं का, आण, आज मी करतो.

सुलभा मॅडम आत आल्या. मी त्यांना पेपर दाखवला, पाकिटं दाखवली, आणि पप्पांनी काय विचारलं ते सांगितलं. आजोबांचंही सांगितलं. मॅडमनी एक पाकीट उचलून उलटसुलट करून बघितलं. जनूदादा दाराशी उभे होते. ते म्हणाले, "मी रोज बगतंय. मना वाटला, पोरीला ह्यो काम आवरते, खुशीनं करते." मग मान खाली घालून म्हणाले, "इचारला नाय मी. चुकला माझा."

मॅडम म्हणाल्या, "संघमित्रा, तुम्ही प्रोजेक्ट सोडू नका आणि चालूही ठेवू नका. रविवारपर्यंत थांबा. मी तुमच्या घरी येते."

"कशाला, मॅडम?"

"तुमच्या वडिलांनी प्रश्न मला विचारायला हवा होता. तो मी जाऊन ऐकून घेते."

आता मी स्वतः दर वर्षी मुलांची मार्गदर्शक असते, आणि घरापर्यंत जाणं किती अवघड असतं ते मला माहीत आहे. ईमेल करता येतो, कार्यालयात बोलावून घेता येतं. मॅडम रविवारी पूर्वेहून रिक्षा करून आमच्या चाळीत आल्या. गॅलरीतून सगळ्यांनी बघितलं. आईनं नवी चादर घातलेली. पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला आणि ते खुर्ची मॅडमना देऊन स्वतः कॉटच्या कडेवर बसले, ताठ. चहा झाला. मॅडमनी उगाच माझं कौतुक केलं नाही, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

पप्पा म्हणाले, "मॅडम, एक विचारू? राग मानू नका. तुमच्या मुलीला हे काम दिलं असतं का?"

"मला मुलगा आहे," मॅडम म्हणाल्या. "तो घरी स्वतःचं ताटसुद्धा उचलत नाही."

आईला हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला. पप्पा हसले नाहीत. "म्हणजे नाही."

"म्हणजे मी विचारच केला नव्हता. मी कोणालाच काम दिलं नाही. मुलांना म्हटलं, आपसांत वाटून घ्या. मला वाटलं, हेच न्यायाचं आहे."

"वाटून घ्या म्हटलं की काय होतं ते आमच्या गावाला माहितीय, मॅडम. तिथेपण रोज कोणी काठी घेऊन उभं नव्हतं. ज्याचं त्याला आपोआप कळायचं." पप्पा थांबले. "हिलापण कळलं. म्हणून मला भीती वाटली. हिला मी ते शिकवलं नव्हतं."

मशीनवर अर्धी साडी तशीच लटकत होती. मॅडमनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "माझी चूक आहे. तुमची परवानगी असेल तर ती मला सुधारायची आहे. काम तर करायलाच हवं, कचरा कोणीतरी हातात घेतल्याशिवाय मोजता येत नाही. पण तो सगळ्यांनी घ्यायचा, माझ्यासकट. आणि अहवाल संघमित्रा लिहील. तिला त्यातलं सगळ्यांत जास्त कळतं."

पप्पा कंपनीत कामगारांच्या वतीनं बोलायला जायचे, ते त्या वेळी मला दिसलं. "पोरं पाच. तुम्ही सहा. आठवड्याचे दिवस सहा. हिचा वार कोणता?"

"तुम्ही सांगा."

"गुरुवार. आणि गुरुवारशिवाय दुसरा नाही. कोणी आजारी पडलं तरी नाही. हे कबूल असेल तर जाऊ दे तिला."

"कबूल," मॅडम म्हणाल्या.

सोमवार मॅडमचा होता. त्यांनी साडीचा पदर खोचला, पाकीट फाडून हातमोजे घातले आणि क्रेटमध्ये हात घातला. आमटीत भिजलेल्या चपातीचा लगदा हातात आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले, पण हात काढला नाही. आचारी धावत आला, "अरे मॅडम, आप क्यों?" जनूदादा म्हणाले, "का? मॅडमला दोन हात नाय?" मंगळवारी ओंकार शेडच्या मागे जाऊन ओकला. परत आला, तोंड धुतलं, वजन पूर्ण केलं, आणि मला म्हणाला, "यार, तू तीन महिने हे करत होतीस? बोलली का नाहीस?" मी म्हटलं, "तू विचारलंस का?" त्यानंतर आमची खरी मैत्री झाली, ती अजून आहे. मी लॅपटॉपवर बसायला लागले. तक्ते कसे बांधायचे, आलेख कसा काढायचा, ते ओंकारनं मला शिकवलं, आणि दुधीचा आलेख इतका सुंदर आला की आचाऱ्यानंही मान्य केलं.

अहवाल द्यायला थोडेच दिवस उरलेले. श्रेयाचा शुक्रवार होता. सकाळी तिचा फोन आला. मावसबहिणीचा साखरपुडा, शहाडला जायचंय, आधी सांगायला विसरली. "मित्रा, प्लीज ना. आजचा दिवस तू कर. तुला तर सवय आहे."

माझ्या तोंडात "बरं" आलेलं. श्रेया वाईट मुलगी नव्हती. माझ्या वाढदिवसाला तिनं स्वतः काढलेलं कार्ड दिलेलं. शिवाय त्या दिवशीचा आकडा मला हवा होता. कामाच्या सलग तीस दिवसांचा तक्ता व्हायला शुक्रवार-शनिवार एवढेच राहिलेले, आणि तक्ता माझ्या नावाचा होता. पण तिचं शेवटचं वाक्य कानात राहिलं. मी म्हटलं, "नाही गं. माझा वार गुरुवार."

"अगं, एका दिवसानं काय होतं?"

"काहीच नाही होत. म्हणून तर नाही म्हणतेय."

ती चिडली. मॅडम त्या दिवशी बाहेरगावी परीक्षा घ्यायला गेलेल्या, ओंकार तापानं पडलेला, बाकी दोघं फोन उचलेनात. जेवणं झाली, क्रेट शेडमध्ये आले. मी लांब पायऱ्यांवर बसून बघत होते. जनूदादा आले, काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आज कोनाचा वार?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मंग मी पन काट्याला हात लावनार नाय. कचरा मातर खड्ड्यात जाईल, तो माझा काम." आणि क्रेट उचलून नेले, न मोजता. हातातोंडाशी आलेला आकडा खड्ड्यात जाताना बघणं मला फार जड गेलं. मी दोनदा उठले आणि दोनदा बसले.

अहवालात त्या दिवशीची ओळ रिकामी राहिली. मी मॅडमना विचारलं, आजूबाजूची सरासरी काढून भरू का? त्या म्हणाल्या, "त्या दिवशी काय झालं?" मी सांगितलं. "मग जे झालं तेच लिहा," त्या म्हणाल्या. अहवाल मांडायच्या दिवशी समोर मोठे अधिकारी बसलेले. त्यातल्या एकांचं बोट नेमकं त्याच ओळीवर थांबलं. "हे काय? इथे आकडा का नाही?" मी मॅडमकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"सर, त्या दिवशी वजन झालं नाही. ज्यांचा वार होता त्या आल्या नाहीत."

"मग दुसऱ्या कोणी करायचं ना?"

"दुसऱ्या कोणाचा वार नव्हता, सर."

श्रेया खाली बघत होती. साहेब म्हणाले, "शिस्त कमी पडली," आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मार्क कापले गेले, पहिला नंबर दुसऱ्या गटाला गेला. मॅडमनी पत्र मात्र दिलं, आणि त्यात काय लिहिलेलं ते मला आजपर्यंत माहीत नाही, कारण त्यांनी पाकीट चिकटवूनच दिलं.

संध्याकाळी मी अहवाल घरी नेला. इंग्रजीत होता. पप्पांनी दिव्याखाली धरला, पहिल्या पानावरचं माझं नाव वाचलं, मग तक्त्याच्या पानावर आले. आकडे त्यांना वाचता येत होते. बोट एकेक ओळ खाली आलं आणि थांबलं.

"हे छापायचं राहिलं का?"

"नाही. त्या दिवशी श्रेयाचा वार होता. ती आली नाही."

"मग कोणी केलं?"

"कोणीच नाही."

"तू होतीस तिथे?"

"होते. बसलेले."

पप्पांनी अहवाल दिव्याच्या आणखी जवळ धरला. बोट तिथेच. "मॅडमनी असंच छापलं?"

"असंच. मार्क गेले त्याचे."

"जाऊ दे," पप्पा म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज खाली गेला नव्हता. त्यांनी अहवाल बंद केला आणि आईला हाक मारली. "अगं, त्या मॅडमना रविवारी जेवायला बोलव. नुसत्या चहावर काय पाठवलंस त्या दिवशी."

"सुकट-मासळी खातात का त्या?" आई आतून म्हणाली.

"नसतील खात तर वरण-भात कर. पण बोलव."